धालो 'लोकनृत्य' झाले आणि मांड गेला

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. धालो-शिगम्याशी ज्यांचा संबंध आहे त्यांनी सवडीने वाचा. ज्यांचा नाही त्यांनी निदान जमिनीचा भाग तरी वाचा, तो सगळ्यांच्या कामाचा आहे.

शिगमो जवळ आला की आपल्या ग्रुपवर स्पर्धांचे फॉर्म फिरायला लागतात. रोमटामेळ, लोकनृत्य, वेशभूषा, चित्ररथ. एवढेच रकाने. आमच्या वाड्यावरच्या बायकांचा फॉर्म भरायचे काम माझ्याकडे असते, कारण मी शिक्षिका आणि घरात प्रिंटर आहे. आम्ही धालोवाल्या. रोमटामेळात आम्ही बसत नाही, वेशभूषेत बसत नाही, म्हणून 'लोकनृत्य'वर टिक. मग कलाकारांची संख्या, वेळ आठ मिनिटे, साथीदारांची नावे, आणि खाली 'नृत्यदिग्दर्शक'. साथीदार नाहीत, कारण धालोला वाद्यच नसते. दिग्दर्शकाच्या जागी मी रेघ ओढते.

यंदा फॉर्म भरताना मांय (माझ्या सासूबाई, वय ऐंशीच्या आसपास, वाड्यावर धालोचे गाणे त्याच उचलतात) शेजारी बसून होत्या. मी मोठ्याने वाचले, "नृत्याचा प्रकार." त्या म्हणाल्या, "धालो म्हणल्यार नाच न्हय गो. धालो खेळटात."

मला वाटले शब्दाचा घोळ आहे. पण नंतर विचार केला तर मांयच्या पिढीच्या बोलण्यात 'नाच' हा सगळ्याला लागू पडणारा शब्दच नाही. धालो खेळतात. फुगडी घालतात. गोफ विणतात. नमन घालतात. ओवी म्हणतात. जागर मांडतात. घोडेमोडणीत तर नाव आधी येते ते घोड्याचेच. प्रत्येकाचे क्रियापद वेगळे, आणि त्या क्रियापदातच सगळे आले: कोणी करायचे, कधी, कुठे. 'नाचतात' हा शब्द लोक वापरतात तो बहुतेक लग्नाच्या वरातीला.

आपण शाळा शिकलेली माणसे लगेच दोन ढीग करतो. हे गाणे, तो नाच. एकाला लोकगीत म्हणायचे, दुसऱ्याला लोकनृत्य. आता हे शिगम्याला लावून बघा. मांडावर उभे राहून नमन घालतात, त्यात देवांना हाक असते, नाच नसतो. त्याच शिगम्यात घोडेमोडणी असते. कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, पायात घुंगूर, ढोल-ताशावर गावच्या वेशीपर्यंत जाऊन परत. त्यात गाणे नसते. म्हणजे आपल्या हिशेबाने एक लोकगीत आणि एक लोकनृत्य, दोन वेगळ्या वस्तू. गावाच्या हिशेबाने दोन्ही शिगम्याची, एकाशिवाय दुसरे होत नाही. नमन न घालता घोडे बाहेर काढा म्हणून कोणाला सांगून बघा.

आणि सालचे गडे कुठल्या रकान्यात घालणार? होळीच्या रात्री अंधारात धावणारे गडे गाणे आहे की नाच आहे? झर्म्याचा चोरोत्सव? रणमाले? करवल्या? यातल्या प्रत्येकाला गावात आपली ठरलेली जागा आहे. फॉर्मवर 'इतर'सुद्धा नसतो.

मग आपल्या लोकांची वर्गवारी कशावर चालते? मला दिसते ते असे. सगळ्यात आधी महिना. श्रावण-भाद्रपदात फुगडी, चवथीला तर घरोघर. दसऱ्याला तरंगे. कार्तिकापासून जत्रा आणि दशावतारी काला. पौषात धालो. फाल्गुनात शिगमो. माझी आजी पावसाळ्यात नाचणी लावताना कधी धालोचे गाणे गुणगुणली तर स्वतःच थांबायची, 'आत्ता नको' म्हणायची. मला लहानपणी ते खुळेपणाचे वाटायचे. आता वाटते की तिच्या डोक्यात कॅलेंडर गाण्यांनीच लावलेले होते. कुठले गाणे कानावर पडते त्यावरून तिला कापणी झाली, थंडी आली, काजूला मोहोर येणार हे कळायचे.

दुसरे, बाईचे की बाप्याचे. धालो बायकांचे, शेवटच्या रात्री तर पुरुषांनी तिथे फिरकायचे नाही. शिगमो पुरुषांचा. आता शिगम्याच्या मेळात मुली ढोल वाजवतात, आणि छान वाजवतात, ते मला आवडते. पण मूळ वाटणी ती होती.

आणि तिसरे, सगळ्यात महत्त्वाचे, जागा. म्हणजे मांड.

बाहेरगावच्या वाचकांसाठी (दोडामार्ग-सावंतवाडीकडच्यांना सांगायला नको, त्यांच्याकडेही धालोत्सव असतो): मांड म्हणजे वाड्यावरची ठरलेली मोकळी जागा. बहुतेक वेळा एखाद्या झाडाजवळ, तुळशीवृंदावनाजवळ किंवा एखाद्या मूळ घराच्या अंगणात. वर्षभर तिथे काही विशेष दिसत नाही. पोरे क्रिकेट खेळतात, कोणी भात वाळत घालते. पौष आला की बायका ती जागा साफ करतात, शेणाने सारवतात, दिवा लावतात, आणि त्या क्षणापासून ती साधी जमीन राहत नाही. चपला बाहेर. पाच, सात किंवा नऊ रात्री, ज्या वाड्याची जशी रीत. जेवणे उरकून बायका जमतात. समोरासमोर दोन रांगा, हातात हात किंवा एकमेकींच्या कमरेभोवती हात. एक रांग पुढे येते, वाकते, मागे जाते. एक ओळ या रांगेने म्हणायची, तीच त्या रांगेने. गाणी अर्धी कोंकणी अर्धी मराठी, कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते ते भाषावाद करणाऱ्यांनी येऊन शोधावे. शेवटी शेवटी कोणाच्या अंगावर रंभा येते. मग सोंगे, थट्टा. आणि सगळे संपले की मांड शिंपायचा, म्हणजे शेणाचे पाणी शिंपडून मोकळा करायचा. ते केल्याशिवाय धालो संपत नाहीत. पुढच्या पौषापर्यंत ती परत साधी जागा.

शिगम्यालाही मांड असतो. मेळ मांडावरून निघतो आणि मांडावर परत येतो. काणकोणकडे गोफ विणतात, रंगीत दोऱ्या वर एका ठिकाणी बांधलेल्या, नाचत नाचत त्यांची वेणी घालायची आणि उलट्या पावलांनी ती परत सोडवायची. विनायक खेडेकरांचे 'लोकसरिता' ज्यांनी वाचले आहे त्यांना हे सगळे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. माझा मुद्दा एवढाच की गावात कोणी विचारले "हे कसले गाणे?" तर उत्तर येते "मांडावरचे" किंवा "घरातले" किंवा "देवळातले". गाणे कुठले ते जागेवरून ओळखतात.

हे फक्त हिंदूंपुरते नाही. चांदरचा मुसळखेळ ख्रिस्ती लोकांचा, हातात मुसळे, आणि तो कार्निव्हालच्याच दिवसांत. शिवोलीचा जागर नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी, हिंदू आणि ख्रिस्ती मिळून, जागऱ्यो देवापुढे. त्याला 'हिंदू लोककला' म्हणा किंवा 'ख्रिस्ती लोककला', दोन्ही चूक. गावाला विचारा, ते म्हणतील 'शिवोलीचो जागर'. गाव आणि दिवस सांगितला की वर्गवारी पूर्ण झाली.

गंमत म्हणजे ज्यांना हे मोडायचे होते त्यांना ही वर्गवारी नीट कळली होती. १७३६ साली इन्क्विझिशनने जे फर्मान काढले त्यात ख्रिस्ती झालेल्या लोकांनी काय काय करायचे नाही याची यादी होती. हळद, तुळस, पेहराव, आणि लग्नात ओव्या म्हणणे. 'गाणी बंद' असे मोघम नव्हते. अमुक प्रसंगाची अमुक गाणी, उघड्यावर नको आणि घरातही नको. प्रसंग तोडला की गाणे सुटेल हे त्यांनी ओळखले होते. आपली डिचोली-सत्तरी तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हती म्हणून आपण वाचलो. आणि जिथे ते फर्मान लागू होते तिथेही ओव्या पूर्ण मेल्या नाहीत, ख्रिस्ती लग्नांत रोसाच्या वेळी आजही म्हणतात.

'लोकनृत्य' हा शब्द घेऊन कोणी फर्मान काढले नाही. तो प्रेमानेच आला. १९५० च्या दशकात दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने लोकनृत्यांचे महोत्सव सुरू झाले, देशभरचे लोक आपापल्या पोशाखात आले, आणि नव्या देशाला स्वतःचा अभिमान वाटला. मुक्तीनंतर आपणही त्यात गेलो. मी याला वाईट म्हणणार नाही. मंचामुळे बायका घराबाहेर पडल्या, चार पैसे मानधन मिळाले, माझ्या नणंदेने पहिला विमानप्रवास धालोमुळे केला.

आणि मांडाची वर्गवारी काही निर्मळ नव्हती हेही लिहायला हवे, नाहीतर कॉमेंटमध्ये कोणीतरी लिहीलच. ढोल कोणत्या समाजाने वाजवायचा, मांडावर कोणी पाय ठेवायचा, कोणी बाहेर उभे राहून ऐकायचे, हे जातीवरूनच ठरलेले असायचे. पहिला मान कोणाचा यावरून भांडून शिगमो बंद पडलेली गावे आपल्याकडे आहेत. देवळात गाणाऱ्या कलावंत घराण्यांतल्या बायकांनी संगीत जपले, आणि त्याच गाण्यावरून समाजाने त्यांना वेगळ्या रांगेत बसवले. तेव्हा 'जुने ते सगळे सोने' हे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. मंचावर कुठल्याही वाड्याची मुलगी शेजारच्या वाड्याचे धालो शिकू शकते. मांडावर तिला ते जमले नसते.

एवढे सगळे मान्य. आता जमिनीकडे येते.

आमच्या वाड्याचा मांड एका भाटात होता. 'देवाचो मांड' असेच सगळे म्हणत. किती पिढ्या ते कोणाला माहीत नाही. जमीन महसूल कायदा १९६८ चा, त्यानंतर गोव्यात सर्वे झाला, तेव्हा भाटकाराच्या सर्वे नंबरात मांडही गेला. एक-चौदाचा उतारा काढला तर कब्जेदाराच्या रकान्यात एकाच घराण्याची नावे, आणि 'इतर हक्क' हा जो रकाना आहे तो कोरा. तेव्हाच्या बायकांना सही येत नव्हती, उतारा म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, आणि भाटकारही काही आडवा येत नव्हता. त्याच्या घरच्या बायका धालोला यायच्या. कशाला कोण नोंद करतो?

पुढची पिढी बाहेर गेली. भाट विकले. दोन वर्षांपूर्वी तिथे चिऱ्याची भिंत उभी राहिली, गेट लागले. घेणाऱ्याचा कागद पक्का आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. १९७५ चा मुंडकार कायदा आपल्याला आहे, पण तो राहत्या घराबद्दल बोलतो. मांडावर कोणी राहत नाही. वर्षातल्या पाच रात्री सोडल्या तर तिथे काही नसतेच.

त्या पौषात बायका हॉलमध्ये जमल्या. ट्यूबलाइट, प्लास्टिकच्या खुर्च्या, फरशी. हॉल सांभाळणाऱ्याने आधीच सांगितले, शेण लावायचे नाही, फरशीला डाग पडतो. मांय आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि गाणे उचलायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, "हांगा मांड ना. हांव गांवची ना." रागाने नाही, नेहमीच्या आवाजात. जशी एखादी बाई सांगेल की आज उपास आहे, मी जेवणार नाही. त्यांच्या शेजारणीने गाणे उचलले. पाचऐवजी दोन रात्री झाल्या. रंभा आली नाही. मांड शिंपायचा प्रश्नच नव्हता.

मग फाल्गुनात त्याच बायका एका कार्यक्रमात आठ मिनिटांचे धालो करून आल्या. एकसारख्या साड्या, माइक, 'फील' यावा म्हणून आयोजकांनी दिलेली पेटी आणि घुमट. प्रत्येक ओळ दोनदा म्हणायची रीत असते, वेळ पुरत नाही म्हणून एकदाच. लोकांनी टाळ्या दिल्या. बायका खूश होत्या आणि मीही फोटो काढले. उत्तेजनार्थ मिळाले. परीक्षकांचा शेरा होता, हालचालीत वैविध्य कमी.

त्यानंतरच्या रविवारच्या ग्रामसभेत आम्ही मांडाचा विषय काढला. उत्तर काय मिळाले? "धालो तर चालू आहेत ना? परवाच बघितले. बक्षीससुद्धा मिळाले." बोलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला खरोखर तसेच वाटत होते. कारण त्याच्या मते धालो हे लोकनृत्य आहे, आणि लोकनृत्याला लागतो मंच. मंच आहे, साड्या आहेत, मग अडले कुठे?

तिथे मला कळले की फॉर्मवरची टिक फक्त फॉर्मपुरती नाही. धालोला 'मांडावरचे' म्हटले तर मांड गेला म्हणजे धालो गेले, हे उघड दिसते. 'लोकनृत्य' म्हटले की मांड गेलेला कोणाला दिसतच नाही. तुमच्या वाड्यावरची जागा विकली जाते आणि तुमच्याच बक्षिसाचा फोटो दाखवून सांगितले जाते की काही गेले नाही.

आता गोव्यात जमिनीचे काय चालले आहे ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. १७(२) आणि ३९अ ही कलमे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. डोंगर, शेते, खाजने यांवर आपण बोलतो, बोललेच पाहिजे. मांड एवढासा असतो की त्यासाठी मोर्चा निघत नाही. पाच-सहा गुंठेसुद्धा नाही. मोठ्या प्लॉटच्या कोपऱ्यात तो निमूटपणे निघून जातो.

करता येण्यासारखे काय आहे? मला जे कळले ते लिहिते. मी वकील नाही, जाणकारांनी सुधारणा सुचवावी.

ज्या वाड्यांचे मांड अजून शाबूत आहेत त्यांनी आधी उतारा काढून बघा. 'इतर हक्क' रकान्यात वाड्याच्या वहिवाटीची नोंद व्हावी म्हणून प्रयत्न करता येतो. मालक गावचाच असेल आणि संबंध चांगले असतील तर आत्ताच लेखी घ्या. त्याची मुले गावात राहणार आहेत याची खात्री त्यालाही नसते. ही सगळ्यात सोपी गोष्ट आणि हीच आपण करत नाही, कारण मागायला संकोच वाटतो.

दुसरे, प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती असते आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते, २००२ च्या कायद्याखाली. त्यात देवराई घालतात. मांडाजवळचे झाड आणि मांड त्यात घाला. त्याने मालकी मिळत नाही, पण पंचायतीच्या दप्तरात ती जागा 'आहे' एवढे तरी होते. आज ती कुठल्याच कागदावर नाही.

तिसरे आपल्या कला-संस्कृतीवाल्यांसाठी. भारताने २००५ साली युनेस्कोचा अमूर्त वारशाचा करार मान्य केला. करार २००३ चा. त्यात वारशाच्या व्याख्येतच त्या प्रथेशी जोडलेल्या वस्तू, वाद्ये आणि जागाही धरल्या आहेत. म्हणजे पॅरिसमध्ये बसून लिहिणाऱ्यांनाही मांड कळला. आपल्या फॉर्मवर मात्र तो यायला अजून जागा नाही. स्पर्धा बंद करा असे मी म्हणत नाही. फॉर्मवर दोन ओळी वाढवा: तुमचा मांड कुठे आहे? यंदा त्या मांडावर किती रात्री झाल्या? दहा वर्षे हे विचारले तर कुठल्या वाड्याचा मांड कधी गेला याची आपोआप यादी तयार होईल. मार्क दिले नाहीत तरी चालेल.

आमच्यासाठी हॉलच्या मागे पंचायतीची एक छोटी जागा आहे, आंब्याखाली. ती मिळावी म्हणून आम्ही अर्ज लिहिला आहे. नवीन जागेवर मांड घालता येतो का, हे मी मांयना विचारले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, घालता येतो, पण देवाला विचारावे लागेल आणि पहिल्या वर्षी नऊ रात्री कराव्या लागतील, पाच चालणार नाहीत. आमच्यातल्या निम्म्या बायका नोकरीला जातात, सकाळी सातची बस असते. नऊ रात्रींना किती जणी येतील ते मोजायला घेतले आहे. आत्तापर्यंत चौदा झाल्या. दोन रांगांना पुरतील.

अर्जावर आतापर्यंत एकवीस सह्या आहेत, चार अंगठे. येत्या ग्रामसभेत देणार. डिचोली-सत्तरी-पेडण्यातल्या ज्या वाड्यांना अर्जाचा मसुदा हवा असेल त्यांनी मेसेज करा, मराठीत आहे, पाठवते. आणि तुमच्या वाड्याचा मांड कुठे आहे, कोणाच्या भाटात, कुठल्या झाडाजवळ, ते खाली लिहा.